पावणेतीन तासांचा हिशेब

जर्मनीतल्या नूरबुर्गरिंगवर पोर्शे 911 जीटी3 च्या 2017 मधल्या पिढीने 7 मिनिटं 12.7 सेकंदांत फेरी मारली. 2021 मध्ये आलेल्या पुढच्या पिढीची जाहीर वेळ होती 6 मिनिटं 59.9 सेकंद. वजाबाकी केली तर तेरा सेकंद निघतात आणि ती वजाबाकी चुकते. आधीची वेळ 20.6 किलोमीटरवर घेतलेली, नंतरची 20.832 किलोमीटरवर. जुन्याच अंतरावर नव्या गाडीला 6 मिनिटं 55.2 सेकंद पुरले, म्हणजे खरा फरक साडेसतरा सेकंदांचा. दोन पिढ्यांची गाठ घालायची तर आधी दोघी एकाच वाटेने धावल्या का, हे तपासावं लागतं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या फलाटांवरून रोज न थांबता जाणाऱ्या एका गाडीबद्दल असाच हिशेब घरोघरी मांडला जातो. डेक्कन क्वीन 1930 साली मुंबईहून पुण्याला पावणेतीन तासांत जायची, आज सव्वातीन तास घेते. संध्याकाळी 5.10 ला सुटून 8.25 ला पुण्यात, सकाळी 7.15 ला निघून 10.25 ला मुंबईत, असं तिचं अलीकडचं वेळापत्रक. अंतर 192 किलोमीटर. सरासरी काढली तर तेव्हाची ताशी सुमारे 70 किलोमीटर आणि आताची पुण्याकडे जाताना 59. पुढे गेलेल्या नव्वद वर्षांत वेग घटला, हे आकड्यांवरून खरंच आहे. घटला कशामुळे, हे मात्र नुसत्या वेळापत्रकातून कळत नाही.

आधी वाट. बोरघाट 1863 साली खुला झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडीला थांबून तोंड फिरवावं लागे. 1929 मध्ये नवी आखणी होऊन हे ‘रिव्हर्सिंग’ टळलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात कल्याण-पुणे मार्गावर वीज आली. राणी सुरू झाली 1 जून 1930 रोजी, म्हणजे दोन्ही बदलांनंतर. पहिली फेरी कल्याणहून निघाल्याचीही नोंद आढळते. ती पावणेतीन तासांत मिसळू नये, कारण ही वेळ मुंबई-पुणे अशा पूर्ण अंतराची सांगितली जाते. वाट तीच, घाट तोच, चढही तोच 37 फुटांना एक फूट. इथे तरी तुलना रास्त आहे.

आता इंजिन. राणीच्या सुरुवातीच्या काळात ती चालवणाऱ्या जीआयपी रेल्वेकडे होती ती ईए/1 वर्गाची, पुढे डब्ल्यूसीपी-1 म्हणून ओळखली गेलेली इंजिनं, सुमारे 2,160 अश्वशक्तीची. त्यातलं ‘सर रॉजर लम्ली’ दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. 1990 च्या दशकाअखेर आलेलं डब्ल्यूसीएएम-3 डीसी विजेवर 4,600 आणि एसीवर 5,000 अश्वशक्ती देई. ताकद दुपटीहून जास्त झाली, तरी वेळ वाढली.

रेल्वेच्याच इतिहासनोंदीत याचं एक उत्तर आहे. पहिल्या गाडीला सातच डबे होते. सांगाडे इंग्लंडचे, वरचा साज माटुंग्याच्या कारखान्यातला. एक गाडी रुपेरी आणि शेंदरी, दुसरी निळी आणि सोनेरी. फक्त पहिला आणि दुसरा वर्ग. तिसरा वर्ग जून 1955 मध्ये जोडला गेला. 1966 मध्ये पेरांबूरचे पोलादी डबे आले, डब्यांची संख्या बारा आणि पुढे सतरापर्यंत गेली. मला ही वाढ वेगापेक्षा मोठी वाटते. सात डब्यांची राणी मोजक्यांची होती. पण डबे वाढले तसं वजनही वाढलं. कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिनं येऊन डब्यांना टेकतात, शेवटच्या डब्यापासून पुढे एक धक्का सरकत जातो, तोवर खिडकीतून वडापावचे पुडे आत येतात. हा थांबा घाट चढायचा म्हणून आहे.

पण मागचं वजन आणि बँकर एवढ्यानेच हिशेब जुळत नाही. सोलापूरची वंदे भारत फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाली. ती बँकरशिवाय घाट चढते. तरी सुरुवातीच्या वेळापत्रकात ती मुंबईहून 4.05 ला निघून पुण्याला 7.10 ला पोहोचत होती. तीन तास पाच मिनिटं! दुसरीकडे, 2019 च्या मेअखेरीस मध्य रेल्वेने इंटरसिटी एक्सप्रेसला दोन्ही टोकांना इंजिनं लावून, बँकर टाळून धावण्याचा प्रयोग केला, तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाचणार असं जाहीर झालं. ती सकाळी पुण्याकडे निघते. सकाळची गर्दी असते मुंबईकडे, म्हणजे तिच्या उलट दिशेला. राणी मात्र सकाळी गर्दीबरोबर मुंबईत येते आणि संध्याकाळी गर्दीबरोबरच परत फिरते. माझ्या मते हिशेबातली मोठी रक्कम इथे आहे.

1930 मध्ये उल्हासनगर अस्तित्वातच नव्हतं. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांनी ते उभं केलं आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्याला नाव मिळालं. 2011 च्या जनगणनेत तिथे पाच लाखांवर माणसं, अंबरनाथमध्ये अडीच लाख, बदलापुरात पावणेदोन लाखांच्या आसपास. कल्याणच्या पुढे कर्जतपर्यंत लोकल आणि मेल-एक्सप्रेस दोघींना मिळून येणारा-जाणारा असे दोनच मार्ग. बदलापूर लोकल पुढे असेल तर मागच्या इंजिनाची अश्वशक्ती सिग्नलपाशी उभी राहते. आणि राणीला वाट करून द्यायची तर अंबरनाथच्या फलाटावरच्या माणसाची लोकल मागे ठेवावी लागते.

म्हणून 1930 ची आणि आजची वेळ शेजारी मांडताना त्यातून गाड्यांच्या दोन पिढ्यांचा निवाडा काढणं मला पटत नाही. जुन्या राणीला मोकळी वाट होती, आजच्या राणीला नाही. कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचं सुमारे 14 किलोमीटरचं काम एमयूटीपी-3ए या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात मंजूर आहे. ते मार्ग वापरात आल्यावर लोकल आणि एक्सप्रेस एवढ्या टप्प्यात तरी वेगळ्या होतील. त्यानंतर कल्याण-कर्जत एवढ्याच अंतराची वेळ घेऊन हा हिशेब पुन्हा मांडायला हवा.