पथ्य आणि तल्लफ : एका आहाराचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास

साखर, भात, पोळी, बटाटा कमी करावा आणि पालेभाज्या, अंडी, मासे, मांस, पनीर, दाणे यांवर भर द्यावा, असा कमी कर्बोदकांचा आहार आज अनेकजण घेऊ लागले आहेत. पहिले दोन-चार दिवस उत्साहात जातात. मग डोके जड होते, अंगात त्राण उरत नाही आणि फोडणीच्या भाताचा नुसता वास आला तरी मन त्याकडे धाव घेते. पथ्य मोडले की घरातले म्हणतात, ‘मनावर ताबाच नाही.’ तो माणूसही तसेच समजू लागतो.

हा शेरा कितपत खरा आहे? याचे उत्तर शोधायला या आहाराच्या इतिहासाकडे वळणे उपयोगी पडते. कर्बोदके कमी करण्याचे पथ्य वैद्यकात प्रथम आले ते वजन घटवण्यासाठी नव्हे, तर मधुमेहासाठी. इन्शुलिन सापडण्यापूर्वी आयुष्य लांबवण्याचा तोच काय तो उपाय होता. त्यामुळे तल्लफेचा प्रश्न तेव्हा जीवनमरणाचा होता.

शिसारी आणून भूक मारणे

जॉन रोलो हे ब्रिटिश तोफखान्याचे मुख्य शल्यवैद्य. कॅप्टन मेरेडिथ नावाचा त्यांचा एक स्थूल अधिकारी मधुमेहाने झपाट्याने वाळू लागला होता. १७९६ मध्ये रोलो यांनी त्याच्यावर उपचार सुरू केले आणि १७९७ मध्ये आपले निष्कर्ष पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. वनस्पतिज पदार्थ खाल्ले की लघवीतील साखर वाढते आणि मांस खाल्ले की ती घटते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी धान्य जवळजवळ बंद केले आणि दूध, रक्त व चरबी यांचे पुडिंग आणि जुने, खवट झालेले मांस असा आहार दिला. मेरेडिथची प्रकृती सुधारली.

खवट मांसच का? मधुमेहाचे मूळ जठरात आहे आणि रोग्याची भूक अनावर झाल्यामुळे साखर तयार होते, अशी रोलो यांची समजूत होती. म्हणून भूक मारण्यासाठी ते अमोनियम सल्फाइडसारखी औषधेही देत. अन्नाची शिसारी आली की हाव आपोआप जाईल, असा हा तर्क होता. दुसऱ्या एका रुग्णाला हे पथ्य पाळता आले नाही. त्यात नवल नाही. रोलो यांचे निरीक्षण बरोबर होते. पण रोग्याची भूक हे रोगाचे कारण नसून परिणाम आहे, हे त्यांना उमगले नाही. रक्तातील साखर पेशींना वापरता येत नाही, ती लघवीवाटे वाहून जाते आणि शरीर भुकेले राहते. ही समज यायला आणखी शतकभर लागणार होते.

बुशार्दा यांचा पाव

पॅरिसचे आपोलिनेर बुशार्दा मूळचे औषधशास्त्रज्ञ होते. रोलो यांचा आहार माणूस फार दिवस खाऊ शकत नाही, हे त्यांनी ओळखले. फ्रेंच माणसाचा पाव काढून घेतला की तो पावासाठी झुरणार! म्हणून १८४० च्या सुमारास त्यांनी गव्हातील स्टार्च धुऊन टाकून उरलेल्या ग्लुटेन या प्रथिनाचा पाव करविला. जोडीला हिरव्या भाज्या, स्निग्ध पदार्थ आणि भरपूर व्यायाम. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला, अन्नाचे दुर्भिक्ष झाले, तेव्हा काही मधुमेह्यांच्या लघवीतील साखर नाहीशी झाल्याचे त्यांनी नोंदवले. त्यावरून एकूण अन्नच कमी करावे, असेही ते सांगू लागले.

ग्लुटेनचा प्रयोग वर्गात सहज करता येतो. कणकेचा घट्ट गोळा मळून अर्धा तास झाकून ठेवावा आणि मग पाण्याच्या भांड्यात हलक्या हाताने चोळत धुवावा. पाणी दुधाळ होते. त्याचा थोडा भाग घेऊन आयोडीनचा थेंब टाकला की ते निळे-काळे होते. हातात उरतो तो चिवट, रबरासारखा गोळा म्हणजे ग्लुटेन. मूळ गोळा आणि हा गोळा यांच्या आकारांतील फरक पाहिला, की पोळीचा केवढा भाग स्टार्च असतो ते विद्यार्थ्यांच्या लगेच ध्यानात येते.

कुलूप आणि किल्ली

बुशार्दा यांच्यानंतर मात्र वारे उलट्या दिशेने वाहू लागले. नेपल्सचे आर्नाल्दो कान्तानी रोग्यांना फक्त मांस आणि चरबी देत आणि त्यांनी चोरून काही खाऊ नये म्हणून खोलीला कुलूप लावीत. जर्मनीतील बर्नहार्ड नाउनिन यांनीही रोग्यांना कोंडून ठेवण्याचा मार्ग अवलंबिला.

या विचाराचे शेवटचे टोक म्हणजे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन. १९१४ पासून त्यांनी नवी पद्धत वापरली. आधी लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत कडक उपास, मग हळूहळू थोडे अन्न. साखर पुन्हा दिसली की पुन्हा उपास. पोट निदान भरल्यासारखे वाटावे म्हणून भाज्या तीनदा उकळून दरवेळी पाणी फेकून देत आणि उरलेला चोथा रोग्याला देत. या पद्धतीने अनेकांचे आयुष्य काही महिन्यांनी, काहींचे काही वर्षांनी वाढले, हे मान्य केले पाहिजे. त्या काळी दुसरा पर्यायच नव्हता.

ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एका बारा वर्षांच्या मुलाची नोंद आहे. मधुमेहाने त्याची दृष्टी गेली होती. आहार कितीही कमी केला तरी त्याच्या लघवीत साखर येतच होती. रोग बळावला असे समजून डॉक्टर आहार आणखी कमी करीत गेले. शेवटी उलगडा झाला. एकट्याला खोलीत ठेवलेला तो आंधळा मुलगा मिळेल ते खात होता. दात घासण्याची पेस्ट त्याने खाल्ली होती. हट्टाने मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणेही त्याने खाल्ले होते. बराच काळ नाकारल्यानंतर त्याने हे कबूल केले. तो मुलगा वाचला नाही.

या मुलाला हावरट म्हणायचे का? प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आम्हा लोकांना अशी नोंद वाचताना वेगळीच गोष्ट जाणवते. अपेक्षेप्रमाणे न येणारे निरीक्षण प्रयोगाबद्दल काहीतरी सांगत असते. मुलाची भूक हेही एक निरीक्षणच होते आणि ते नोंदवले गेले ते केवळ पथ्यभंग म्हणून.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲलन यांची रुग्ण एलिझाबेथ ह्यूज टोरांटोला फ्रेडरिक बँटिंग यांच्याकडे आली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची ही मुलगी. वय पंधरा आणि वजन अवघे वीस किलो. तीन वर्षे तिने विलक्षण निष्ठेने पथ्य पाळले होते. इन्शुलिन मिळताच तिला पाव आणि बटाटे खाता येऊ लागले. ती १९८१ पर्यंत जगली. पिंजऱ्यातले दाणे खाणाऱ्या मुलाला इन्शुलिनपर्यंतचा काळ लाभला नाही.

दुसरे बँटिंग

याच आडनावाचे आणखी एक गृहस्थ या इतिहासात आहेत. विल्यम बँटिंग हे लंडनमध्ये राजघराण्याच्या अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारे व्यावसायिक होते. वजन घटवण्यासाठी ते नदीवर होडी वल्हवीत. परंतु त्यामुळे भूक इतकी खवळे की वजन उलट वाढले! १८६२ मध्ये डॉ. विल्यम हार्वे यांनी त्यांचा पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद केले. वर्षभरात त्यांचे वजन २०२ पौंडांवरून १५६ पौंडांवर आले. १८६३ मध्ये बँटिंग यांनी आपला अनुभव एका पुस्तिकेत लिहिला आणि ती इतकी गाजली की इंग्रजीत पथ्य करण्याला त्यांच्या नावावरून क्रियापद तयार झाले. स्वीडिश भाषेत ते अजून रूढ आहे.

बँटिंग यांना पथ्य का झेपले? त्यांच्या ताटात दिवसातून तीनदा मांस किंवा मासे, भाज्या, थोडी फळे आणि टोस्टचा एक छोटा तुकडा होता. त्यांना कोणी कोंडले नव्हते आणि ते उपाशीही नव्हते.

तीन वेगळ्या गोष्टी

आता मागे वळून पाहिले तर ‘तल्लफ’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे खरी उपासमार. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या आहारात पाव, बटाटे, मॅकरोनी म्हणजे कर्बोदकेच मुख्य होती. तरीही अन्नाखेरीज दुसरा विचार त्यांच्या मनात टिकेना. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. अन्न पुरेसे नसेल तर ते कोणत्याही प्रकारचे असो, मन त्यातच अडकते. ॲलन यांचे रोगी याच अवस्थेत होते.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीर जुळवून घेत असतानाचा अशक्तपणा. १८७८ ते १८८० या काळात अमेरिकी लष्करातील फ्रेडरिक श्वाट्का उत्तर कॅनडात मोहिमेवर होते. केवळ रेनडियरच्या मांसावर राहू लागल्यावर प्रथम थकवा येतो आणि दोन-तीन आठवड्यांत तो जातो, असे त्यांनी रोजनिशीत नोंदवले. त्याचे कारण आज सांगता येते. आपल्या यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके कमी झाली की हा साठा घटतो आणि पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यातील वजनाची घट बरीचशी याचीच असते. रक्तातील इन्शुलिन उतरल्यामुळे मूत्रपिंडे मीठही अधिक बाहेर टाकतात. डोकेदुखी आणि गळून गेल्यासारखे वाटणे यांमागे हे मोठे कारण असते.

मेंदूला रोज सुमारे १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. ते मिळाले नाही तर काय? बोस्टनच्या जोस्लिन प्रयोगशाळेतील जॉर्ज केहिल, ऑलिव्हर ओवेन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की दीर्घ उपासात मेंदू यकृताने मेदापासून बनवलेली कीटोन द्रव्ये मोठ्या प्रमाणावर वापरतो. मात्र ही व्यवस्था एका रात्रीत बसत नाही.

मेदाची गरज किती खरी असते, हे १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दिसले. उत्तर ध्रुवप्रदेशाचे संशोधक विल्ह्यालमर स्टेफान्सन यांनी तेथे वर्षभर केवळ मांसाहारावर राहण्याचा प्रयोग केला. सुरुवातीला त्यांना मुद्दाम चरबीविरहित मांस दिले, तर दोन-तीन दिवसांतच ते आजारी पडले. चरबीयुक्त मांस देताच सुधारले. कर्बोदके आणि मेद दोन्ही एकदम काढून घेतले तर जे काही वाटते, ती नुसती तल्लफ नव्हे. ती शरीराची योग्य तक्रार आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे सवयीची ओढ. पोट भरलेले असते, पण जेवण संपताना भातच हवासा वाटतो. २००० साली मार्शिया पेल्शॅट यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, पोषणदृष्ट्या पुरेसे परंतु एकसुरी पेय घेणाऱ्या तरुणांमध्ये तल्लफ वाढलेली आढळली. म्हणजे तोचतोचपणाही तल्लफ निर्माण करतो. उलट, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या एका अभ्यासात कर्बोदके कमी करणाऱ्यांची पिष्टमय पदार्थांची ओढ कमी झाली आणि मेद कमी करणाऱ्यांची तेलकट-तुपकट पदार्थांची. शरीरात एखाद्या घटकाची उणीव आहे म्हणूनच त्याची तल्लफ येते, ही कल्पना येथे टिकत नाही. सुटलेल्या सवयीबरोबर तिची ओढही ओसरते.

यावरून काय घ्यावे?

ज्याला असा आहार घ्यायचा आहे, त्याने तल्लफ आली की प्रथम ती कोणत्या प्रकारची आहे हे विचारावे. एकूण अन्नच अपुरे पडत असेल, तर प्रथिने, मेद आणि भाज्या वाढवाव्यात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतला थकवा असेल, तर पाणी आणि मीठ यांकडे लक्ष द्यावे (रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मिठाबाबत डॉक्टरांना विचारूनच) आणि थोडा धीर धरावा. सवयीची ओढ असेल, तर बुशार्दा यांच्याप्रमाणे ताटात पर्याय ठेवावा, चव आणि वैविध्य राखावे आणि काळावर भरवसा ठेवावा.

एक इशारा आवश्यक आहे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कर्बोदके एकाएकी कमी करू नयेत. औषधाची मात्रा तशीच राहिली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. वाढत्या वयाच्या मुलांवर, तसेच गरोदर स्त्रियांवर तर असे प्रयोग घरच्या घरी करूच नयेत.

शिक्षकांसाठी या इतिहासात आणखी एक धडा आहे. वर्गात मधुमेह असलेला एखादा मुलगा असतो, त्याला दुसऱ्याच्या डब्यातले काही खाताना आपण पाहतो. अशा वेळी सर्वांदेखत त्याला रागावण्याआधी त्याने आज पुरेसे खाल्ले आहे का, त्याची साखर उतरली तर नाही ना, हे विचारावे. साखर उतरलेल्या मुलाला त्या क्षणी गोड खाण्याचीच गरज असते आणि ती त्याची हाव नसते.