वरची माणसं, टेलची माणसं

आमच्या भागात मुलीसाठी स्थळ बघायला गेलेली माणसं मुलाचं शिक्षण नंतर विचारत. चहा यायच्या आधी पहिला प्रश्न असे, "पाण्याखाली किती?" तीस एकर आहे असं सांगून कोणी दिपत नसे, कारण तीस एकर जिरायतीवर पाऊस रुसला की कडबासुद्धा हाती लागत नाही. मग दुसरा प्रश्न यायचा, "कालव्याला कुठं? वर का टेलला?" या उत्तरावर सोयरीक जुळायची किंवा मोडायची.

नीरा डावा कालवा वीरजवळून निघतो, पुरंदरमधून बारामती तालुक्यात येतो आणि पुढे इंदापूरकडे उतरतो. लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास. वाटेतला प्रत्येक फाटा, प्रत्येक चारी आपला घास घेते आणि शेवटच्या गावांपर्यंत जे पोचतं त्याला टेलचं पाणी म्हणतात. माझ्या आईचं माहेर माळेगावच्या बाजूला, वडिलांचं गाव निमगाव केतकीच्याही पुढे. म्हणजे वरची लेक टेलला दिलेली. आईची आई जिजी ही गोष्ट शेवटपर्यंत विसरली नाही. वडिलांचे वडील आण्णा ती कोणाला विसरू देत नसत. दोघांनी मला लहानपणी एकाच मुलखाच्या गोष्टी सांगितल्या, पण जिजीच्या गोष्टीत पाणी यायचं आणि आण्णांच्या गोष्टीत पाण्याची वाट बघितली जायची.

आण्णा कालव्याच्या आधीपासून सुरुवात करत. त्यांच्या आईचं आजोळ सुप्याकडचं. "सुप्यात सावकार जाळला," हे त्यांचं ठरलेलं पहिलं वाक्य. पुढे मोठेपणी पुस्तकं चाळली तेव्हा घटना खरी निघाली, तपशील मात्र वेगळा. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरं-दुकानं घेरली. त्यांना हवे होते कागद. खतं, गहाणवटी, वह्या बाहेर ओढून त्यांची होळी केली. माणसांच्या जिवावर उठलेला तो जमाव नव्हता. त्यानंतर पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत हेच घडलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. आज त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. आण्णांच्या घरात त्याचं नाव 'वह्यांची होळी' एवढंच होतं.

त्या होळीचं सरपण मात्र इंदापुरात गोळा झालं होतं. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी इथे आधी जो सारा बसवला तो एवढा जड होता की शेतं पडीक पडली. मग १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी केली. साखळीने रानं मोजली, माती हाताने पारखली, खोली बघून प्रत लावली आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून दिला. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची रीत आमच्या या मुरमाड माळांवर बेतली गेली. तीस वर्षं संपल्यावर, १८६७ मध्ये, फेरआकारणीही इंदापुरातूनच सुरू झाली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ते युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि नेमका त्याच सुमाराला सारा चढला. कुणबी सावकाराच्या ओट्यावर गेला आणि अंगठा उठवून आला. आण्णांना अमेरिका ठाऊक नव्हती. "सरकारनं वाढवलं आन् वाण्यानं लिवलं," एवढ्या पाच शब्दांत ते सगळं उरकत.

वह्या जळल्या आणि दुसऱ्याच वर्षी पाऊस गेला. १८७६-७७ चा तो मोठा दुष्काळ. पोटासाठी कामावर आलेल्या हजारो माणसांच्या हातून नीरेच्या कालव्याची माती उकरली गेली आणि १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. वर भोरकडे भाटघरचं धरण झालं, ते पुढे १९२०च्या दशकात आणखी मोठं बांधलं. जिजीच्या माहेरच्या आठवणी इथून सुरू होतात. तिची आजी सांगायची, पाणी आलं तेव्हा गावची माणसं त्याला बिचकायची. पाणीपट्टी कोण भरणार, रान चिघळलं तर काय, असली कुजबुज. सासवडकडचे माळी मात्र आले, रानं खंडाने घेतली आणि पुंड्या ऊस लावला. गुऱ्हाळं उभी राहिली. चुलवाणावर काहिल चढायची, गुळव्या रसाची तार बोटांत धरून बघायचा आणि बारामतीच्या पेठेत गुळाच्या ढेपांच्या थप्प्या लागायच्या. १९१४ मध्ये दौंडहून बारामतीला छोटी गाडी आली, ती हा गूळ वाहायलाच, असं जिजीचं ठाम मत.

भीती अगदीच खोटी नव्हती. ज्यांनी बेसुमार पाणी पाजलं त्यांची रानं चोपण झाली, पांढरी मिठं वर आली. आणि वर असं पाणी मुरत असताना खाली ते पोचत नव्हतं. विश्वेश्वरय्या तेव्हा मुंबई इलाख्यात इंजिनिअर होते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉकची पद्धत आणली. एकाच्या सगळ्या रानात ऊस करू द्यायचा नाही. ब्लॉकच्या तिसऱ्या हिश्शात ऊस, बाकीत दुसरी पिकं, आणि वाचलेलं पाणी जास्त गावांना. टेलच्या माणसाचा कागदावर झालेला पहिला विचार तो हाच. आण्णांना विश्वेश्वरय्या हे नाव उच्चारता येत नसे, पण ब्लॉकवाल्या सायबाला ते मानत.

पुढे आमच्या इंदापूर तालुक्यात दुसराच बदल झाला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कळंबच्या परिसरात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या. माळ फोडून ऊस लावला, कारखाना काढला, वालचंदनगर वसवलं. तिथे वीज होती, शाळा होती, भोंग्यावर चालणारं आयुष्य होतं. आमचे काही भावकीतले लोक आपल्याच रानात मजूर म्हणून कामाला जात आणि आठवड्याला पगार आणत. १९६१ मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा आला. कंपनीकडे असलेल्या जमिनी सरकारकडे गेल्या, १९६३ मध्ये शेती महामंडळ निघालं आणि ज्यांची जमीन होती ते 'खंडकरी' या नावाने ओळखले जाऊ लागले. मोर्चे निघाले, कोर्ट झालं, प्रत्येक निवडणुकीत आश्वासन मिळालं. जमिनी परत वाटायला सुरुवात झाली ती २०१२ च्या सुमाराला. आण्णांच्या चुलतभावाने आयुष्यभर त्या रानाचे गट नंबर तोंडपाठ ठेवले होते. ताबा नातवाला मिळाला.

वरच्या अंगाला मधल्या काळात सहकाराची हवा होती. १९५०च्या दशकात माळेगावला आणि भवानीनगरला सहकारी कारखाने उभे राहिले, पुढे सोमेश्वर. जिजीचे दादले शेअर घेऊन सभासद झाले, तेव्हापासून घरच्या बोलण्यातले शब्दच पालटले. नोंद, तोड, टोळी, पहिली उचल, दुसरा हप्ता. कारखान्याचा चिटबॉय दारात आला की त्याला चहा आधी, पाव्हण्याला मागून. दिवाळीच्या आधी सभासदांची सवलतीची साखर यायची. त्यातली पिशवीभर जिजी लेकीकडे पाठवायची आणि आण्णा ती साखर चहात न घालता देवापुढे ठेवायला लावायचे. त्यात श्रद्धा किती आणि टोमणा किती, ते आईला कधी कळलं नाही.

राजकारण जिजीने कारखान्याच्या आवारातच बघितलं. काटेवाडीच्या शारदाबाई पवार लोकल बोर्डावर निवडून गेल्या होत्या आणि १९४० च्या डिसेंबरात तीन दिवसांचं मूल कडेवर घेऊन पुण्याला बोर्डाच्या बैठकीला हजर राहिल्या, ही गोष्ट ती हरतालिकेच्या जागरणात सांगायची. मूल पुढे कोण झालं हे तिच्या लेखी दुय्यम. "बाळंतीण बाई यस्टीबिगर पुण्याला गेली," यावर तिचा जोर. १९६७ मध्ये ते मूल, शरद पवार, बारामतीचे आमदार झाले. बाहेरच्यांना वाटतं की त्यानंतर इथे दुसरं पान हललंच नाही. पण कारखान्याच्या निवडणुकीत पॅनेलं पडतात, भाऊ भावाविरुद्ध उभा राहतो, आणि २०१५ मध्ये माळेगावच्या सभासदांनी पवारांच्या पॅनेलला हरवलंही होतं. उसाचा दर कमी पडला की सभासद कोणाचीच भीड धरत नाही. लोकसभेला एक मत आणि कारखान्याला दुसरं, यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

१९७२ च्या दुष्काळात दोन्ही घरांच्या गोष्टी प्रथमच एका जागी येतात. कालव्याची आवर्तनं, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्या, तुटली, वरचा ऊसही वाळला. माझी इंदापूरची आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली, तिला सुकडी आणि मिलो मिळाला. तांबडा मिलो, भाकरी थापली की तुटायची. जिजीच्या घरी भाकरी होती, पण तिची धाकटी बहीण सुप्याकडच्या जिरायत पट्ट्यात दिली होती, तीही खडीवर होती. बारामती म्हणजे सगळी हिरवी, हा समज कालव्यावरून मोटारीने जाणाऱ्यांचा. तालुक्याचा मोठा भाग कालव्याच्या वर राहिला आणि तिथं पाणी चढत नाही. त्या कोरड्या गावांमध्ये धान्याच्या बदल्यात पाझर तलाव खोदले गेले. १९७१ मध्ये आप्पासाहेब पवारांनी सुरू केलेल्या कृषी विकास ट्रस्टचं काम त्याच तळ्यांच्या काठी वाढलं. जिजी म्हणायची, बारामतीत पण टेल हाय, फक्त ती वरल्या अंगाला हाय.

आषाढात मात्र हा सगळा उतार एका दमात पायी चालला जायचा. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम करून कालव्याच्या मुलखातूनच पुढे जाते. काटेवाडीला परीट समाज धोतराच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीभोवती धावतात, पुढे सणसर, बेलवाडीचं रिंगण, इंदापूर, सराटी आणि मग नीरा ओलांडून अकलूज. जिजी बारामतीहून दिंडीबरोबर निघायची आणि निमगावच्या पुढे लेकीकडे थांबायची. त्या एका रात्री आण्णा तिला पाण्यावरून बोलत नसत.

आण्णांचा सगळ्यात मोठा घाव कालव्याचा नव्हता. १९६९ च्या सुमारास भीमेवर उजनीचं काम सुरू झालं आणि १९८० पर्यंत धरण उभं राहिलं. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पाणी आमच्या अंगावर. भीमाकाठची काळीभोर रानं, इंदापूर तालुक्यातली सगळ्यात चांगली, तळाला गेली. जुनं भिगवण गेलं, जुनं पळसदेव गेलं. आण्णांची बहीण त्या काठावर दिली होती. घराच्या तुळया, दारं, उंबरठा बैलगाडीत घालून ती नव्या गावठाणात आली. उन्हाळ्यात धरण आटतं तेव्हा पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि पुण्याची माणसं फोटो काढायला होडीने जातात. आत्याआजी एकदाच गेली. कुठली भिंत कोणाची, कुठं कोणाचा हौद, हे तिने बोटाने दाखवलं आणि परत कधी गेली नाही. आता त्या पाण्यात मासेमारी चालते, भिगवणच्या मासळीबाजारात लिलाव होतात, हिवाळ्यात कुंभारगावला रोहित पक्षी उतरतात, आणि पुण्याचं सांडपाणीही तिथेच उतरतं.

आण्णा गेल्यानंतरच्या दोन बातम्या त्यांना वाचून दाखवायच्या राहिल्या. नीरेचं पाणी डाव्या कालव्याला किती आणि उजव्याला किती, यावरून २०१९ मध्ये सरकारने डाव्या कालव्याकडे जाणारं जादा पाणी बंद केलं आणि २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने नवी वाटणी केली. उजव्या कालव्यावर फलटण, माळशिरस, सांगोला आहेत. तिथल्या माणसांची तक्रार होती की डाव्या बाजूचे आमचं पाणी पळवतात. त्यांच्या हिशेबात इंदापूरचा टेलवालाही बारामतीकरच होता.

दुसरी बातमी २०२१ ची. उजनीत येणाऱ्या सांडपाण्यातलं पाच टीएमसी पाणी इंदापूरला द्यायचा आदेश एप्रिलमध्ये निघाला. सोलापूर जिल्ह्यात लगेच आंदोलनं पेटली आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. इंदापूरकरांचं म्हणणं, जमिनी आमच्या बुडाल्या, धरण आमच्या दारात. सोलापूरकरांचं म्हणणं, वरचे पाणी अडवतात, आमच्या टेलपर्यंत काय उरणार? ते मी वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा आण्णांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. शब्दन् शब्द त्यांचाच होता, फक्त बोट इंदापूरकडे होतं. भीमेवर आम्ही 'वरचे' ठरलो होतो.

म्हणून २०२४ मध्ये पवारांच्या एका घरातल्या दोन उमेदवारांची लढत बघायला देशभरातले पत्रकार बारामतीत आले, तेव्हा मला त्या गर्दीचं नवल वाटलं नाही, अपुरेपण वाटलं. घराणं फुटलं ही बातमी खरीच. पण इथला माणूस राजकारण मोजतो ते आवर्तनाच्या दिवसांनी. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरूनही चारी कोरडी राहिली तर तो वरच्या गावाला शिव्या देतो, आणि पाऊस चांगला झाला की आपल्या खालच्या गावाचा त्याला विसर पडतो. आण्णा यातून सुटले नव्हते. आमच्या विहिरीतून पाइप टाकून पाणी मागणाऱ्या खालच्या वस्तीला त्यांनी दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा जिजीने, वरच्या बाईने, मध्ये पडून ते द्यायला लावलं. सोयरीक करताना पाण्याखाली किती हे विचारणाऱ्यांनी आपल्या पाण्याखाली दुसरं कोण आहे हेही विचारलं असतं, तर कालवा निदान थोडा आणखी पुढे गेला असता.