लॉगिननंतर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल का सापडत नाहीत? एका दोषाचा इतिहास

प्रयोगशाळेतील लिनक्स संगणकावर सर्वांसाठी म्हणून ‘जावा_होम’ हा व्हेरिएबल ‘/ईटीसी/प्रोफाइल’ या फाइलमध्ये लिहिला. एसएसएचने लॉगिन केले की तो दिसतो. काही डेस्कटॉपवर मात्र, त्याच वापरकर्त्याने टर्मिनल उघडले तरी दिसत नाही. अशा वेळी बरेच विद्यार्थी अख्खी ऑपरेटिंग सिस्टिमच पुन्हा इन्स्टॉल करतात. त्याची गरज नसते. दोष कुठे आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

एन्व्हायर्नमेंटची कल्पना बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) रुजली. नियम साधा होता: प्रत्येक प्रोसेसला तिच्या पालक प्रोसेसकडून व्हेरिएबलांची एक प्रत मिळते. प्रत मिळते, म्हणून पालकात नंतर झालेला बदल अपत्यापर्यंत पोहोचत नाही. स्टीफन बोर्न यांचा शेल लॉगिनच्या वेळी सुरू झाला, तर वापरकर्त्याची ‘.प्रोफाइल’ वाचत असे. हा लॉगिन शेल आहे हे ओळखण्याची खूण म्हणजे त्याच्या नावाआधीचे वजाचिन्ह. सर्वांसाठी समाईक असलेली ‘/ईटीसी/प्रोफाइल’ पुढच्या आवृत्त्यांत आली. तेव्हा माणूस अक्षरी टर्मिनलवर बसे आणि लॉगिन शेल हाच त्याच्या सर्व प्रोग्रॅमचा पूर्वज असे. त्यामुळे एक फाइल पुरेशी होती.

बिल जॉय यांच्या सी शेलने लॉगिनची फाइल आणि प्रत्येक शेलची फाइल वेगळी केली. ब्रायन फॉक्स यांच्या बॅशनेही (१९८९) हा भेद राखला. डेस्कटॉपवर उघडलेले टर्मिनल सहसा लॉगिन शेल नसते, म्हणून ते ‘.बॅशआरसी’ वाचते, ‘/ईटीसी/प्रोफाइल’ वाचत नाही.

१९८८मध्ये एक्स विंडोबरोबर एक्सडीएम आला आणि लॉगिनचा पडदा चित्रमय झाला. आता लॉगिन होताना शेल मध्ये येईलच असे राहिले नाही. १९९५मध्ये सन कंपनीने पॅमची रचना मांडली. लिनक्सवर पॅमचे एन्व्ह मॉड्यूल ‘/ईटीसी/एन्व्हायर्नमेंट’ वाचते. पण ते शेल नाही. तिथे ‘पाथ’च्या जुन्या किमतीत भर घालण्यासाठी डॉलरचिन्ह वापरले, तर ते चिन्ह जसेच्या तसे राहते आणि साधी ‘एलएस’ आज्ञाही सापडेनाशी होते. त्यानंतर सिस्टिमडी आली. तिची वापरकर्ता-सेवा लॉगिन शेलची अपत्य नसते, म्हणून २०१७मध्ये तिच्यासाठी ‘एन्व्हायर्नमेंट.डी’ ही वेगळी जागा निघाली.

हा वारसा आपल्याकडेही आला आहे. मैलापूरच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर तरमणी येथे सी-डॅकचे चेन्नई केंद्र आहे. तिथे तयार झालेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली २००७मध्ये आली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत ती चालते. तिचा पाया डेबियन आहे, म्हणून डेबियनचे नियम तिलाही लागू होतात. डेबियनमध्ये भाषा ठरवणारा ‘लँग’ व्हेरिएबल ‘/ईटीसी/डीफॉल्ट/लोकेल’मधून पॅममार्फत येतो. मराठी लोकेल आधी तयार केलेले नसेल, तर व्हेरिएबल बरोबर असूनही पडदा इंग्रजीतच राहतो.

नियम बदलल्यानेही दोष उद्भवतो. डेबियन १०मध्ये (२०१९) ‘एसयू’ आज्ञेची अंमलबजावणी बदलली. नुसते ‘एसयू’ दिल्यावर जुनाच ‘पाथ’ राहू लागला आणि प्रशासकाच्या आज्ञा सापडेनाशा झाल्या. उपाय म्हणजे ‘एसयू’पुढे वजाचिन्ह देणे. १९७९ची खूण इथे पुन्हा भेटते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा:

१. ज्या प्रोग्रॅमला व्हेरिएबल मिळत नाही त्याची पालक प्रोसेस कोणती, हे ‘पीएस’ने पाहा.

२. ‘/प्रॉक’मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाखालील ‘एन्व्हिरॉन’ फाइल वाचा. सुरुवातीला तिला काय मिळाले होते ते कळते.

३. त्या वाटेवर कोणती फाइल वाचली जाते ते ठरवा: शेलची, पॅमची की सिस्टिमडीची.

४. फाइल ‘/ईटीसी/प्रोफाइल.डी’मध्ये असेल, तर नावाच्या शेवटी ‘.एसएच’ आहे का ते बघा. नसेल तर डेबियन ती वगळतो.

५. बदलानंतर पूर्ण लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. आधीच चालू असलेल्या प्रोसेसकडे जुनीच प्रत असते.