राखणदार कुत्री : पालन आणि पैदास (वसई-विरार परिसर)

घर, वाडी, गोठा, कळप किंवा माणूस यांच्या राखणीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तयार झालेल्या मोठ्या बांध्याच्या कुत्र्यांना राखणदार कुत्री म्हणतात. पूर्ण वाढलेला जर्मन शेफर्ड नर ३० ते ४० किलोचा, डॉबरमन ४० ते ४५ किलोचा आणि रॉटवायलर ५० किलोच्या आसपास भरतो. ग्रेट डेनचा नर खांद्यापाशी ८० सेंटिमीटरच्याही वर जातो. एवढ्या ताकदीचे जनावर माणसांत वागवायचे, तर त्याचा स्वभाव भरवशाचा आणि सांधे, हृदय धडधाकट हवे. या दोन्हींचा पाया पिल्लू विकत घेणाऱ्याच्या हाती येण्याआधीच घातला गेलेला असतो. त्यामुळे राखणदार कुत्र्याची खरी जबाबदारी पैदास करणाऱ्यापासून सुरू होते.

प्रकार : कामावरून यांचे तीन ढोबळ गट पडतात. पहिला कळप राखणाऱ्यांचा. हिमाचलातील गद्दी, काश्मीरकडील बकरवाल, तिबेटी मॅस्टिफ, तुर्कस्तानातील कांगल आणि कॉकेशियन शेफर्ड ही कुत्री मेंढरांतच वाढतात आणि मालक जवळ नसतानाही धोका ओळखून स्वतःच्या अकलेने वागतात. दुसरा गट आवार राखणाऱ्यांचा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील जहागिरींच्या राखणदारांनी मॅस्टिफ आणि बुलडॉग यांच्या संकरातून घडवलेला बुलमॅस्टिफ हे त्याचे ठळक उदाहरण. तिसरा गट माणसाच्या हुकमाने काम करणाऱ्यांचा. जर्मनीतील आपोल्डा गावात करवसुली करणाऱ्या कार्ल डोबरमान याने स्वतःच्या संरक्षणासाठी जोपासलेला कुत्रा पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला, तर जर्मन शेफर्डची रीतसर जोपासना मॅक्स फॉन श्टेफानित्स याने १८९९ मध्ये सुरू केली. शहरातल्या घरासाठी तिसरा गट त्यातल्या त्यात सोयीचा. पहिल्या गटातला कुत्रा इमारतीत आणला, तर जिन्यावरून जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस त्याला कळपावर चाल करून येणारा वाटू शकतो.

मराठी मुलखातील परंपरा : कुत्रा राखणीला ठेवण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान आहे आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणाऱ्या धनगरांच्या वाड्यासोबत त्यांची कुत्रीही चालत येतात. जातीची शुद्धता जपण्याचे जवळचे उदाहरण मुधोळचे. आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असलेल्या या संस्थानाचे मराठा राजे घोरपडे यांनी तिथल्या शिकारी कुत्र्याला राजाश्रय दिला. मुधोळ हाउंड हा धावणारा शिकारी आहे, राखणदार नव्हे. पण दख्खनचे ऊन आणि तिथला साधा आहार पचवणारे शरीर पिढ्यांच्या निवडीतून कसे घडते, हे त्याच्याकडे पाहून कळते.

परिसर : वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०१४ पासून हा भाग पालघर जिल्ह्यात आहे. राखणदार कुत्र्याच्या दृष्टीने इथे तीन वेगवेगळ्या वस्त्या आहेत. पश्चिमेला आगाशी, निर्मळ, गास, भुईगाव, गिरीज या पट्ट्यात केळी, फुले आणि भाजीपाल्याच्या वाड्या, अंगणाची घरे आणि बावखले (छोटी तळी) आहेत. मध्ये रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारती आणि चाळी. पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्याच्या पायथ्याची गावे. वाडीत मोकळा वावरणारा कुत्रा आणि नालासोपाऱ्याच्या एका खोलीत वाढणारा कुत्रा एकाच जातीचा असला, तरी दोघांच्या गरजा अगदी वेगळ्या. खोलीत राहणाऱ्याला रोज दोन वेळा लांब फेरी, शिकवण आणि काही ना काही काम मिळाले नाही, तर त्याची ताकद भुंकण्यात आणि दारावर झेप घेण्यात जाते.

हवामान आणि आरोग्य : कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. समुद्रालगतच्या दमट हवेत हा मार्ग अपुरा पडतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मोठ्या, दाट केसांच्या कुत्र्याला उष्माघाताचा धोका असतो. कॉकेशियन शेफर्ड किंवा सेंट बर्नार्ड यांचे अंग बर्फाळ डोंगरांसाठी घडलेले आहे. त्यांना वसईत पाळणे म्हणजे त्यांना वर्षातले अनेक महिने त्रासात ठेवणे. पावसाळ्यात गोचिडांमुळे होणारा ताप, कातडीची बुरशी आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस ही दुखणी वाढतात. लेप्टोस्पायरोसिस माणसालाही होतो, म्हणून त्याची लस टाळू नये. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांसह वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा वेळी साखळीला बांधलेला कुत्रा जागीच अडकतो. पाणी चढू लागताच सर्वांत आधी साखळी सोडावी आणि त्याला वरच्या मजल्यावर न्यावे. गुंतागुंतीच्या आजारासाठी मुंबईत परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय या एकोणिसाव्या शतकापासूनच्या संस्था आहेत.

बिबट्या : पूर्व पट्ट्यात राखणदारालाच राखावे लागते. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात केलेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा आढळला आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये तर थेट वसई किल्ल्याच्या परिसरात वावरणारा बिबट्या पकडण्यात आला. रात्री अंगणात बांधून ठेवलेला कुत्रा, मग तो ४० किलोचा का असेना, पळू शकत नाही. पारोळ, सातिवलीकडच्या घरांत अंधार पडल्यावर कुत्रा घरात किंवा छप्पर असलेल्या, जाळीने पूर्ण बंद केलेल्या खोपट्यात असावा. कुत्र्याची राखण म्हणजे वेळेवर चाहूल देणे. झुंज देणे हे त्याचे काम नव्हे.

पैदास : जबाबदार पैदाशीची सुरुवात जोड लावण्याच्या कितीतरी आधी होते. जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलरमध्ये खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष वंशातून उतरतो. डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू ताणले जाऊन हृदय निकामी होण्याचा आणि रक्त न गोठण्याचा विकार आढळतो. ग्रेट डेनच्या खोल छातीमुळे पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते. खुब्याची एक्स-रे तपासणी अमेरिकेतील नोंदणीत दोन वर्षे पूर्ण झाल्यावरच अंतिम मानली जाते, म्हणून नर-मादीची निवडही त्यानंतरच करणे शहाणपणाचे. स्वभावाची परीक्षा तितकीच महत्त्वाची. अनोळखी पाहुण्यापुढे घाबरून दात दाखवणारी मादी कितीही देखणी असली, तरी तिचे वेत घेऊ नये. भित्रेपणा पिल्लांत उतरतो, आणि मोठ्या कुत्र्याचे बहुतेक चावे भीतीतूनच येतात.

मादी साधारण ६३ दिवस गाभण असते. विण्याच्या आदल्या दिवशी तिच्या अंगाचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते, म्हणून शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा थर्मामीटर लावतात. तिच्यासाठी केलेल्या लाकडी पेटीच्या आतल्या बाजूने, तळापासून चार-पाच बोटे उंचीवर, आडवी पट्टी ठोकलेली असते. आई कुशीवर वळली, की मागे सापडलेले पिल्लू त्या पट्टीखालच्या फटीत शिरते आणि चेंगरत नाही. ग्रेट डेनच्या वेतात आठ-दहा पिल्ले सहज असतात. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा दोरा बांधून स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन टिपतात. एखाद्याचे वजन दोन दिवस अडले, की त्याला बाटलीने दूध पाजावे लागते किंवा डॉक्टर गाठावा लागतो. हे सगळे रात्रीच्या जागरणाचे काम आहे. पिल्ले विकून चार पैसे मिळतील म्हणून ज्यांनी मादी पाळली, त्यांना ते झेपत नाही.

तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखायला शिकते. याच काळात विरार लोकलचा आवाज, गणपतीचे ढोल, नाताळचे फटाके, मुले, छत्र्या, सायकली हे सारे त्याने आईच्या सोबतीने, न घाबरता अनुभवावे. पुढे वाढ जपावी लागते: मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमचे डोस दिले, तर हाडे वेडीवाकडी वाढतात. निर्बीजीकरणही घाईने करू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधनात, वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या जर्मन शेफर्ड आणि रॉटवायलरमध्ये सांध्यांचे विकार अधिक आढळले.

कायदा : केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास व विक्री नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी किमान १८ महिन्यांची हवी, आयुष्यात तिची पाचपेक्षा जास्त वेते घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ प्रकारच्या ‘धोकादायक’ कुत्र्यांच्या पैदाशीला आणि विक्रीला मनाई करण्याची सूचना राज्यांना केली. रॉटवायलर, कॉकेशियन शेफर्ड, मॅस्टिफ त्या यादीत होते. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गृहनिर्माण संस्थेला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र आपल्या जनावरापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्या मालकाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रेबीजची लस, पट्टा आणि लिफ्टमध्ये तोंडाला जाळी ही शेजाऱ्यांबद्दलची किमान जबाबदारी आहे. कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच लस घ्यावी.

पिल्लू घेणाऱ्याने काय पाहावे : पिल्लाच्या आधी आईला पाहावे, आणि तेही ती राहते त्या जागी जाऊन. पैदास करणाऱ्याचे नोंदणी प्रमाणपत्र, आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे, लसीकरणाची वही आणि कुत्रा सांभाळणे अशक्य झाल्यास परत घेण्याची लेखी हमी मागावी. चांगला पैदासकार उलट प्रश्न विचारतो: जागा किती, दिवसभर घरी कोण असते, आधी कुत्रा पाळला आहे का. जो हे विचारत नाही आणि कागदपत्रे दाखवत नाही, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.