निस्तारपत्रकापासून अभ्यासक्रमापर्यंत

अकबराच्या दरबारी असलेल्या अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची हकीकत नमूद करताना मेहकर सरकारातील लोणारच्या सरोवराचा जो उल्लेख केला आहे, त्यात त्या तीर्थाच्या माहात्म्याबरोबरच काच आणि साबण करण्यास लागणारे क्षार, तेथे निघणारा सोरा आणि त्यापासून सरकारात जमा होणारा वसूल यांचीही नोंद आहे. ज्या मेहकर तालुक्यात आज हिवरा आश्रम हे गाव आहे आणि गावात शुकदास महाराजांनी स्थापिलेल्या विवेकानंद आश्रमाचे कृषी महाविद्यालय चालते, त्या मुलखाच्या निसर्गाची ही जुनी लेखी नोंद महसुलाच्या दप्तरातली आहे, ही गोष्ट पर्यावरणाचा पदवी-अभ्यासक्रम आखणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने ध्यानात ठेवावी असे मला मनापासून वाटते. कारण निसर्गाची विचारपूस प्रथम जमाबंदीने केली आणि विद्यापीठाने ती फार उशिरा केली.

१८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली आल्यावर १८६१ पासून जमिनीची मोजणी सुरू झाली, आणि पुढे जंगलांची प्रतवारी होऊन इमारती लाकूड व सरपण यांसाठी एक वर्ग, गवताची रमणे व बाभुळबने यांसाठी दुसरा आणि गुरांच्या चराईसाठी तिसरा, अशी वाटणी झाली. या वाटणीत सरकारचा हेतू उघडच उत्पन्नाचा होता, परंतु तिच्यामुळे अमुक माळावर किती चारा निघतो आणि कोणते बन राखावयाचे याचा विचार कागदावर आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने विदर्भासाठी निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन जुन्या वळणाची पत्रके कायम ठेवली. पहिल्यात गावच्या पडीक जमिनीवरील चराई, सरपण व लाकूडफाटा यांची व्यवस्था लिहावयाची, तर दुसऱ्यात पाटपाणी, वहिवाटीचा रस्ता आणि मासेमारी यांविषयीचे गावचे रिवाज. ग्रामीण भागातील पर्यावरणशास्त्राचे इतके नेमके पाठ्यपुस्तक मला दुसरे ठाऊक नाही, आणि ते महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत क्वचितच आढळते, याचे मला दुःख होते.

परिसरातून शिक्षण द्यावे हा विचार याच प्रांतात, मध्यप्रांत-वऱ्हाडातील वर्धा येथे, ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षणपरिषदेत गांधीजींनी मांडला आणि झाकीर हुसेन समितीने त्याला पाठ्यक्रमाचे रूप दिले. हातातल्या उद्योगातून आणि गावच्या जीवनातून ज्ञानाकडे जाण्याचा तो मार्ग प्राथमिक शाळांपुरताच राहिला. पदवीच्या वर्गांपर्यंत तो पोहोचला नाही.

पदवीच्या वर्गात पर्यावरणाचा विषय आला तो न्यायासनाच्या दारातून. १९७२ च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेनंतर १९७६ मध्ये बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. मात्र त्या कर्तव्याचे शिक्षण त्याला कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर घटनेने दिले नव्हते. अधिवक्ता एम. सी. मेहता यांनी नेमके तेच मागणे सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले, आणि २२ नोव्हेंबर १९९१ च्या निवाड्यात न्यायालयाने चित्रपटगृहांतून पर्यावरणविषयक पट्ट्या दाखवाव्यात, आकाशवाणी व दूरदर्शन यांनी कार्यक्रम द्यावेत आणि शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा व्हावा, असे आदेश दिले. आदेश निघाला तरी अंमल लांबला, आणि डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. त्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांच्याकडून सर्व पदवी-शाखांसाठी एक समान पाठ्यपुस्तक लिहवून घेतले, आणि कला, वाणिज्य, विज्ञान असा भेद न ठेवता देशभरचे विद्यार्थी एकाच पाठ्यक्रमाखाली आले.

त्या पाठ्यक्रमाची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. एकूण ५० तासांची आठ प्रकरणे: नैसर्गिक संपत्तीला ८ तास, परिसंस्थांना ६, जैवविविधतेला ८, प्रदूषणाला ८, आणि अखेरच्या आठव्या प्रकरणाला, म्हणजे क्षेत्रकार्याला, ५ तासांइतके मोल, गुणांत मात्र शंभरापैकी पंचवीस. या प्रकरणात विद्यार्थ्याने स्वतः जाऊन जवळची नदी, रान वा टेकडी नोंदवावी, एखादी दूषित जागा पाहावी, परिचित वनस्पती, कीटक व पक्षी ओळखावेत, आणि तळे किंवा डोंगरउतार यांचा अभ्यास करावा, एवढेच सांगितले आहे. कोणती नदी आणि कोणता उतार, हे सांगणे कोणत्याही मध्यवर्ती समितीला शक्य नव्हते. पहिली सात प्रकरणे अख्ख्या देशाची, आठवे ज्या त्या गावाचे. माझ्या मते संपूर्ण पाठ्यक्रमाचा प्राण या आठव्या प्रकरणात आहे, आणि अनेक महाविद्यालयांत तेच प्रकरण वर्षअखेरीस विकतच्या प्रकल्पवहीवर उरकले जाते.

कृषी पदवीत ही सोय थोडी बरी आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीने पर्यावरण आणि आपत्ती व्यवस्थापन या विषयाला तीन श्रेयांक दिले, त्यांपैकी दोन व्याख्यानांचे व एक प्रात्यक्षिकाचा. शिवाय अखेरच्या वर्षी कृषिदूत व कृषिकन्या म्हणून विद्यार्थी खेडेगावी जातातच. तेव्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या हिवरा आश्रमच्या महाविद्यालयात तो एक श्रेयांक कसा खर्च करावा, याची आखणी ऋतुमानावरून व्हावी. पेरणीच्या दिवसांत विद्यार्थ्यांनी एखाद्या शिवाराचा पीकपेरा जुन्या उताऱ्यांशी ताडून पाहावा, म्हणजे ज्वारी-कपाशी मागे सरून सोयाबीन पुढे आल्याने कडबा किती घटला आणि कडब्याबरोबर दावणीची जनावरे कशी कमी झाली, हे त्यांना स्वतःच्या आकड्यांतून कळेल. पावसाळा संपता संपता जवळच्या कोराडी जलाशयाचा काठ फिरावा आणि धरणात येणारा गाळ कोणत्या ओढ्यांतून वाहून येतो ते पाहावे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी नाल्यांतून व तळ्यांतून माती काढून पाण्याचा साठा वाढविण्याची जी रीत ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून गाजली, तिचा हिशेब त्याच फेरीत मांडता येईल.

पौष वद्य सप्तमीला येणाऱ्या विवेकानंद जयंतीचा आश्रमातील उत्सव हे तर तयार क्षेत्रकार्य आहे. समारोपाच्या दिवशी उघड्या मैदानावर लाखो माणसे सरळ ओळींत बसतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळींमधून चालतात आणि प्रत्येकापुढे पुरी व वांग्याची भाजी येते. वांगी कोणत्या शिवारांतून आली, चुलींना सरपण किती लागले, पाणी कोठून भरले, उष्टे व पत्रावळी यांचा निकाल कसा लागला, या प्रश्नांवर दोन दिवस राबलेला विद्यार्थी संसाधनांचे प्रकरण पाठ करणाऱ्याहून अधिक जाणता होईल, यात मला तिळमात्र शंका नाही.

उन्हाळ्यात मात्र लोणारला जावे. १८२३ मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने ज्या विवराची नोंद केली आणि ज्याची उत्पत्ती उल्कापातातून झाल्याचा पुरावा विसाव्या शतकात तेथील खडकांतून मिळाला, ते सरोवर २००० मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत दाखल झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दिसून आले. विद्यार्थ्याने तेथे पाण्याचा सामू मोजावा, काठावरची बाभळीची रेघ कोठे थांबते ते पाहावे, आणि परतताना मेहकरच्या तहसील कचेरीत रीतसर अर्ज करून आपल्या गावच्या निस्तारपत्रकाची नक्कल मागावी.