नवं गाव, नवं खातं: जुन्नरच्या दगडातली ठेव

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांची बॅग भरून झालीये. ओतूरहून पिंपरीला, मंचरहून ठाण्याला, घोडेगावहून चाकणला. कारण नोकरी असेल, कॉलेज असेल, नाहीतर लग्न. खोली मिळते, मेस मिळते, आणि मग प्रश्न येतो: पैसे ठेवायचे कुठे? गावाकडचंच खातं चालू ठेवायचं, कंपनी सांगेल त्या बँकेत उघडायचं, की कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत, जिथं म्हणे व्याज जास्त मिळतं?

गंमत म्हणजे हा प्रश्न आपल्या जुन्नरला अजिबात नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी परक्या मुलखातून आलेल्या लोकांनाही तो पडला होता. त्यांनी काढलेली वाट आजही लेण्यांच्या भिंतींवर कोरलेली आहे.

तेव्हाचं जुन्नर डोळ्यांपुढे आणा. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल नाणेघाट चढून वर येतो. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण तुम्ही ट्रेकला गेलात तेव्हा पाहिला असेल. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून माल जुन्नरला, आणि पुढे पैठणकडे. अशा गावात बाहेरची माणसं येणारच. लेण्यांतल्या शिलालेखांत इरिल, चिट, चंद अशी यवन दात्यांची नावं आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले, ग्रीक वगैरे लोक. कुणी पाण्याची टाकी खोदून दिली, कुणी भोजनमंडप दिला. अडुथुम नावाचा एक शकही आहे. कोणाचिक इथल्या श्रेणीशी तो जोडलेला होता, आणि करंज व वडाची झाडं लावण्यासाठी त्यानं जमिनीचं उत्पन्न लावून दिलं.

आता ही 'श्रेणी' म्हणजे काय? एकाच धंद्यातल्या लोकांची संघटना. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची आहे, धान्य व्यापाऱ्यांची आहे. धान्यवाल्यांनी तर स्वतःच्या खर्चानं सात खोल्यांचं लेणं आणि टाकं खोदून दिलं. या श्रेणी लोकांच्या ठेवीही घेत. एका लेखात बांबूवाल्यांकडे आणि कासारांकडे अशा दोन वेगवेगळ्या ठेवी नोंदवल्या आहेत. एकटा सावकार मरतो, गाव सोडतो, भावकीत भांडतो. श्रेणी राहते. परक्या माणसाला हाच मोठा आधार होता.

पण ठेवीच्या अटी कशा असत? त्यासाठी जरा नाशिकला जाऊ. पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे हाही शकच. नहपानाचा अंमल जुन्नरवरही होता. त्याचा अमात्य अयम याचा लेख आपल्या मानमोडी डोंगरावर आहे.

उषवदातानं भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण ठेवले. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजानं. उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण. पहिल्या रकमेचा हिशोब करून बघा: वर्षाचं व्याज २४०. लेखात लिहिलंय की २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावेत. २० गुणिले १२, बरोबर २४०! मुद्दल परत मागायचं नाही, फक्त 'वढि', म्हणजे आपली वाढ, व्याज वापरायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि फलकावर नोंदवलं. वर दगडातही कोरलं.

नीट पाहिलंत का? राजाच्या जावयानंही सगळे पैसे जास्त व्याजवाल्याकडे टाकले नाहीत. आणि करार चारचौघांत वाचला गेला.

आता एकदम १८७५ सालात येऊ. पुणे जिल्ह्यात सुपे गावी १२ मे रोजी दंगा झाला आणि मग तो पुणे-नगर भागात पसरला. शेतकरी सावकाराच्या घरात घुसले, आणि शोधत होते काय? कागद. कर्जखतं. बऱ्याच जणांना ती वाचताही येत नव्हती. अंगठा त्यांचा, अक्षर सावकाराचं आणि दप्तरही सावकाराच्या घरात. म्हणून त्यांनी ती जाळली. १८७९ साली सरकारनं पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचे दस्त गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत, पैसे दिल्याची पावती मिळावी, वर्षाचा हिशोब मिळावा, मागितलं तर पासबुकही मिळावं. म्हणजे आज ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेलं पासबुक एकेकाळी आपल्या जिल्ह्यात भांडून मिळालेला हक्क होता!

पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि १९१७ साली पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. गावातल्या गावात, ओळखीच्या माणसांची बँक. कल्पना श्रेणीच्याच जातीची. पण ओळख म्हणजे हमी नव्हे. पुण्यातली रुपी बँक १९१२ सालची, घराघरांत माहीत असलेली. २०१३ साली तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, २०२२ साली परवाना रद्द झाला. ठेवीदार नऊ वर्षं ताटकळले.

मग आज खातं उघडताना काय बघायचं? तीनच गोष्टी, आणि तिन्ही जुन्याच.

पहिली: समोर कोण आहे? बँक असेल तर रिझर्व्ह बँकेच्या यादीत तिचं नाव सापडतं. पतसंस्था ही बँक नाही, पाटीवर कितीही मोठी अक्षरं असोत. दुसरी: बुडालं तर काय? विमा असलेल्या बँकेत एका माणसाच्या सगळ्या ठेवी मिळून, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. १९६२ साली ही सोय सुरू झाली तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. जास्त व्याज दिसलं की हे आधी आठवा. आणि मोठी रक्कम असेल तर उषवदातासारखी दोन ठिकाणी ठेवा. तिसरी: लिहिलंय कुठे? ठेवीची पावती, व्याजदर, वारसाचं नाव हे सगळं तुमच्या हातात हवं, आणि तुम्ही स्वतः वाचलेलं हवं. 'आपलाच माणूस आहे' ही पावती नव्हे.

आणि एक. गावाकडचं खातं घाईनं बंद करू नका. पीकविमा, अनुदान, आईचा गॅस, काय काय त्याला जोडलेलं असतं. आधी ते तपासा. बऱ्याच बँकांत तेच खातं नव्या शाखेत हलवता येतं. खाते क्रमांक तोच राहतो, आयएफएससी कोड तेवढा बदलतो.

पुढच्या वेळी लेण्याद्रीला किंवा मानमोडीला गेलात, तर भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं जरा थांबून बघा. धर्माबरोबर तिथं व्यवहारही लिहिलेला आहे, तोही उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असा. भेटू पुढच्या भागात.