‘सोयरा’ या नावाविषयी

१. सोयरा : प्रस्तुत स्थळी अभिप्रेत असलेली सोयरा म्हणजे चौदाव्या शतकात मंगळवेढ्यास चोखोबांच्या संसारात राहून, नणंद निर्मळा व पुत्र कर्ममेळा यांच्याबरोबरीने अभंगरचना करणारी, ‘चोख्याची महारी’ ही नाममुद्रा धारण करणारी आणि देहमात्राचा उद्भवच विटाळात असताना सोवळा कोण, असा प्रश्न निर्भयपणे विचारणारी संतस्त्री होय. वाचकाचे मन मात्र हे नाव दिसताच रायगडाकडे धाव घेते. तळबीडच्या मोहिते घराण्यातील, सरनोबत हंबीररावांच्या भगिनी व राजारामांच्या मातोश्री असलेल्या ज्या सोयराबाई १६७४ च्या राज्याभिषेकसमयी पट्टराणी म्हणून विराजमान झाल्या, त्यांचे नाव १६८० मधील वारसाकलहात गोवले गेले, पुढील वर्षी त्यांचा अंत झाला आणि मागाहून नाटक-कादंबऱ्यांनी त्यांच्या पदरी कैकेयीचीच भूमिका घातली. त्यामुळेच लेकीस हे नाव ठेवण्यास आईबाप कचरू लागले असावेत, असे आम्हांस वाटते, आणि मंगळवेढ्याच्या त्या थोर कवयित्रीचे स्मरण ठेवता हा त्या नावावर मोठाच अन्याय होय.

व्युत्पत्ती संस्कृत ‘सोदर’, म्हणजे एकाच उदरी जन्मलेला, या शब्दाकडे जाते. मराठीत अर्थ पालटून तो विवाहसंबंधाने जोडल्या गेलेल्या आप्तास लागू लागला. सामान्यनाम म्हणून ‘सोयरा’ पुल्लिंगी व ‘सोयरी’ स्त्रीलिंगी; विशेषनाम मात्र रमा, उमा यांप्रमाणे आकारान्त स्त्रीलिंगी चालते.